सहकुटुंब वर पाहावे

ही गोष्ट मी आजवर पुष्कळ वेळा सांगितली आणि दर वेळी खोटी सांगितली. लग्नाच्या पंगतीत, सकाळी फिरायला येणाऱ्या पेन्शनरांच्या बाकावर, एकदा तर जावयाच्या घरी पाहुण्यांसमोरही. आमच्या गल्लीतल्या एका वेड्या पेंटरनं चंद्रावर निघालेलं यान कसं पाडलं, असा तो किस्सा होता आणि तो हमखास रंगायचा. खरी गोष्ट मात्र मी टाळत राहिलो, आधी लाजेनं आणि मग सवयीनं. चांदभाऊ आता नाही. माझंही वय झालं आहे. तेव्हा किस्सा बाजूला ठेवतो आणि माणूस सांगतो.

चांदभाऊ स्वतःच्या चित्राकडे कधी बघत नसे. चित्र टांगून झालं की शिडी आडवी करायचा आणि चित्राच्या खालीच, भिंतीला पाठ टेकून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. नव्या माणसाला वाटे की हा राखण करतोय. तो बघत असायचा येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं. "चित्र मी काढलं ना गा," तो म्हणायचा, "त्यात काय हाये ते मले माहीत हाये. लोकांच्या तोंडावर काय उतरते ते पाह्यतो." मग एकेकाची परीक्षा सुरू व्हायची. "हा बिल भराले चालला, याले काही दिसलं नाही. हे दोघं भांडून राहिले, सोड. ह्या बाईले दिसलं. पाह्य, पाह्य, हनुवटी वर गेली." हनुवटी वर गेली की पोस्टर पास. आमच्या नागपुरातल्या इतवारीमागच्या गल्लीत भर गर्दीत किती हनुवट्या वर जातात, यावर त्याचा तो दिवस चांगला की वाईट हे ठरायचं.

कागदोपत्री त्याचं नाव रामदास. भिंती रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं. दंतमंजन, खत, बियाणं, कुटुंबनियोजन, पोलिओचा डोस, निवडणुका. एकाच भिंतीवर एका निवडणुकीला एकाला 'विकासपुरुष' लिहिलं आणि पुढच्या निवडणुकीला तेच अक्षर तसंच ठेवून फक्त नाव बदललं, हे तो स्वतःच हसत सांगायचा. फ्लेक्स आले आणि भिंतींचं काम संपलं. त्यानं काही शोक केला नाही. उतरवलेले फ्लेक्स मागून आणायचा आणि त्यांच्या पांढऱ्या पाठीवर चंद्र काढायचा. "जनमभर भिंतीवर माल इकला," तो म्हणे. "चंद्राले इकाचं काम नाही. नुसतं दाखवाचा हाये."

हे चंद्राचं वेड त्याला कधी लागलं हे मला नक्की सांगता येणार नाही. त्यानं दिलेलं कारण दर वेळी वेगळं असे. कधी म्हणे, खाप्याला शाळेची भिंत रंगवताना कन्हान नदीच्या पाण्यात दिसला आणि डोक्यात बसला. कधी म्हणे, बायको गेल्यावर वर बघायची सवय लागली. एवढं खरं की आपलं यान चंद्रावर उतरणार अशी बातमी आली त्या उन्हाळ्यात साठी उलटलेला हा माणूस परीक्षेत पहिला आल्यासारखा गल्लीभर फिरला. त्याला चांदभाऊ हे नाव पानठेलेवाल्या गज्जूनं त्याच आठवड्यात ठेवलं.

विज्ञान त्याला फारसं येत नव्हतं, हेही सांगून टाकतो. पहिल्याच पोस्टरवर त्यानं रॉकेटला बसगाडीसारख्या खिडक्या काढल्या आणि खिडक्यांतून माणसं बाहेर बघत होती. मी कचेरीतून निवृत्त झालेला, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारा. मी म्हटलं, "चांदभाऊ, यात माणूस जात नाही. नुसतं यंत्र आहे."

"डायव्हरबी नाही?"

"डायव्हरही नाही."

त्यानं चिंधी उचलून एका खिडकीवर धरली. मग म्हणाला, "खिडक्या पुसल्या तं मंग ते खताचं पोतं दिसन गा." दुसऱ्या दिवशी बघतो तर खिडक्या जागेवर होत्या, फक्त सगळ्यांना फुलाफुलांचे पडदे ओढलेले. आत कोण आहे, कोण नाही, हे बघणाऱ्यानं ठरवावं. दुसऱ्या पोस्टरवरचा चंद्र त्यानं नारिंगी केला, सालीवरच्या बारीक खळग्यांसकट. गज्जू ओरडला, "हा चंद्र हाये का संत्रा?" चांदभाऊ शांतपणे म्हणाला, "नागपूरचा मानूस पाहून राहिला ना, मंग त्याले असाच दिसन."

पोस्टर म्हणजे आमंत्रण, असं तो मानत असे. माणसाला शिकवायला गेलात तर तो पुढे निघून जातो, बोलावलंत तर थांबतो. त्याचं सगळ्यात गाजलेलं पोस्टर लग्नपत्रिकेच्या थाटाचं होतं. वर गणपती, चारी कोपऱ्यांत केळीचे खांब, मधे पडदेवालं रॉकेट आणि खाली सुरेख वळणदार अक्षरात: 'आपल्या घरचं कार्य आहे. सहकुटुंब, सहपरिवार वर पाहावे.' चौकातून जाणारा माणूस आधी कोणाचं लग्न आहे म्हणून थांबायचा, वाचायचा, हसायचा आणि हसता हसता खरंच आभाळाकडे बघायचा. भर दुपारी, चंद्र नसतानाही. अशी एक एक हनुवटी वर गेली की चांदभाऊ भिंतीला टेकून मांडीवर हळूच चापट मारायचा.

"पण तिथं जाऊन आपल्याले काय भेटते?" हा गज्जूचा रोजचा सवाल होता. "नळाले पाणी नाही आन चाल्ले चंद्रावर." ठेल्यावरचे सगळे माना डोलवायचे. चांदभाऊनं यावर वाद घातला नाही. आठवडाभरानं नवं पोस्टर लागलं. कोरड्या नळापाशी रिकामी घागर घेऊन उभी असलेली बाई, तिची नजर वर, वर चंद्र. खाली: 'तिथं पाणी शोधून राहिले. इथलंबी शोधा.' चित्रातली बाई उघड उघड आमच्या गल्लीतली शेवंताबाई होती. ती कमरेवर हात ठेवून पोस्टरसमोर उभी राहिली.

"माहं नाक असं हाये का गा?"

"वर पाह्यल्यावर तसं दिसते, बाई."

"मी काहून वर पाहू? नळ खाली हाये."

त्यानं तिथल्या तिथे शिडी लावून नाक नीट केलं. दोन दिवसांनी पोस्टर काढायला महापालिकेचा माणूस आला तेव्हा शेवंताबाई आडवी आली. "माहा फोटो हाये तो. हात लावून पाह्य." आसपासच्या बायका घागरी घेऊन जमल्या. माणूस परत गेला आणि पुढच्या आठवड्यात नळ दुरुस्त झाला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत चंद्राला नावं ठेवायची कोणाची हिंमत झाली नाही. गज्जूसुद्धा गिऱ्हाइकाला सांगू लागला, "चंद्रामुळे पाणी आलं बे आमच्याइथं."

यान निघालं ती दुपार मी विसरणार नाही. गज्जूच्या ठेल्यावरचा टीव्ही, समोर रस्ताभर माणसं, थांबलेले रिक्षावाले, डोक्यावर भाजीची टोपली तशीच धरून उभ्या बाया. उलटी मोजणी सुरू झाली आणि सगळा रस्ता बरोबरीनं आकडे म्हणू लागला. धूर निघाला, यान उचललं गेलं, आणि जो गलका झाला तो पार सराफ्यापर्यंत ऐकू गेला असेल. त्या गर्दीत एकच माणूस टीव्हीकडे पाठ करून उभा होता. त्याचे डोळे आमच्यावर होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "सगळेच्या सगळे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "सगळेच्या सगळे वर पाहून राहिले गा."

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला शब्द दिला. शाळेची रस्त्याकडची लांबलचक भिंत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याची. यान उतरलं की त्यानं तिच्यावर चंद्र काढायचा, शहरातला सगळ्यात मोठा. एवढी भिंत त्याला आयुष्यात कोणी त्याच्या मनासारखी रंगवायला दिली नव्हती. त्यानं स्वतः चुना मारून ती तयार केली. रोज संध्याकाळी तो त्या कोऱ्या भिंतीला पाठ टेकून उभा राहायचा, अजून न काढलेल्या चित्राखाली.

आता माझ्याकडे येतो. नागपूरबाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत असे बाईच्या रूपातले दोन भलेमोठे पुतळे आणि त्यांच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे बांबूकागदाचे पुतळे. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा बडग्या: महागाईचा, रोगराईचा, खड्ड्यांचा. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असा गजर करत त्यांना वाजतगाजत नेतात आणि शेवटी जाळतात. आमच्या गल्लीच्या मंडळाचा मी सेक्रेटरी होतो. आमचा बडग्या कधी कोणाच्या नजरेत भरत नसे, आणि ते मला सलत असे.

त्या वर्षी यान उतरायला आठवडाभर बाकी असताना मारबत होती. बैठकीत मी म्हणालो, "यंदा रॉकेट काढू. महागाई, डेंगू, खड्डे, सगळे बडगे त्यात कोंबू आणि देऊ चंद्रावर पाठवून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांदभाऊ कोपऱ्यात बसला होता.

"नोको गा," तो म्हणाला. "मारबतीत जे जाते ते आपल्याले नोको असते म्हणून जाते. रॉकेट आपल्याले पायजे हाये."

"अरे, गंमत आहे ती."

"गंमत तं हाये. पण चंद्र काय उकिरडा हाये का, कचरा टाकाले? आन शेवटी तुमी ते जाळसान."

"बडगे जाळू. आग लावायच्या आधी रॉकेट उतरवून घेऊ आणि शाळेच्या अंगणात उभं करू. माझा शब्द आहे."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पोस्टरखाली उभं राहून रस्त्यावरच्यांकडे पाहायचा तसं. "ठीक हाये, सेक्रेटरी," तो म्हणाला. "तुह्या शब्दावर बनवतो."

आणि काय बनवलं त्यानं. कामठीहून बांबू आणले, चंदेरी कागद चढवला, खिडक्यांना खरे कापडाचे पडदे शिवून घेतले. मिरवणुकीत ते रॉकेट निघालं तेव्हा गच्च्यांवरून, खिडक्यांतून, झाडांवरून लोक ओरडत होते. काळ्या-पिवळ्या मारबतीला नमस्कार करून झाला की सगळ्यांच्या नजरा आमच्या गाडीवर. बडगे फांद्यांसारखे खिडक्यांतून बाहेर लोंबत होते आणि गर्दी त्यांना हात हलवून निरोप देत होती. मी गाडीपुढे फेटा बांधून चाललो होतो. आयुष्यात पहिल्यांदा आमचं मंडळ पहिलं होतं.

जाळायच्या जागी पोचलो. मंडळाचे दोघे दोर धरून तयार होते. मी हात वर केला की त्यांनी बडगे खाली टाकून रॉकेट उचलून बाजूला घ्यायचं असं ठरलं होतं. तेवढ्यात एक फोटोग्राफर माझ्यापाशी आला. "काका, रॉकेट राहू द्या ना. खालून आग लागली की उड्डाणच वाटेल. पहिल्या पानावर जाईल. तुम्ही असे पुढे उभे राहा." दोर धरलेले दोघे माझ्याकडे बघत होते. हात वर करायच्या ऐवजी मी फोटोग्राफरकडे बघून मान हलवली. त्या दोघांनी दोर सोडले.

खोटं कशाला बोलू, क्षणभर ते खरंच उडाल्यासारखं दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग वळून पाहिलं तर चांदभाऊ आगीकडे पाठ करून उभा होता. त्याच्यामागे त्याचं रॉकेट पडद्यांसकट जळत होतं आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. केव्हापासून बघत होता कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर भेटला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्र होतं. "फोटो चांगला आला गा," एवढंच तो म्हणाला.

आठवड्यानं यान चंद्राच्या अगदी जवळ गेलं आणि त्याचा संपर्क तुटला. सकाळी ठेल्यावर सगळे सुतक असल्यासारखे बसले होते. कोणीतरी म्हणालं, "आपणच तं जाळलं." काही जण हसले. पण दुपारपर्यंत तेच वाक्य चार तोंडांतून फिरलं आणि त्यातलं हसू निघून गेलं. सगळ्यांनी मनापासून वाट पाहिली होती, आता राग ठेवायला जागा हवी होती. संध्याकाळी मंडळासमोर माणसं जमली. आपल्याला हवी असलेली वस्तू मारबतीत घालायची अवदसा कोणाला आठवली, असं एकानं मलाच विचारलं. चांदभाऊ माझ्यापासून दोन हातांवर होता.

मी म्हणालो, "आता चंद्राचं वेड गल्लीत कोणाला आहे, ते काय मी सांगायला हवं?"

यात एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून तो खोटेपणा इतकी वर्षं निभावला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. त्यानं एक वाक्य बोलावं याची मी वाट पाहत होतो, भीत भीत. तो माझं तोंड बघत राहिला. मग त्यानं शिडी खांद्यावर घेतली आणि निघून गेला.

गज्जूनं दिलेलं नाव गज्जूनंच बदललं. चांदभाऊचा 'पनौती' झाला. मुख्याध्यापक म्हणाले, थोडे दिवस थांबू. त्या थोड्या दिवसांत भिंतीवर दुसऱ्याच कोणी 'स्वच्छता राखा' लिहून टाकलं. मी शाळेत जाऊन एक वाक्य बोललो असतो तर भिंत त्याची राहिली असती. शाळा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पोस्टरं उतरली. नळावरचं तेवढं शेवंताबाईनं मागून नेलं, ते आजही तिच्या घरात आहे. ते घेऊन जाताना ती माझ्या दारात थांबली आणि म्हणाली, "सेक्रेटरीभाऊ, तो बोलत नाही म्हणून तुमीबी बोलत नाही का?" मी दार लावून घेतलं. चांदभाऊ कामठीला बहिणीकडे राहायला गेला आणि दुकानांच्या पाट्या लिहू लागला. मी किस्सा सांगू लागलो.

चार वर्षांनी दुसरं यान निघालं. ते उतरायच्या दिवशी सकाळीच मी कामठीची बस धरली. वाटभर मनात वाक्य घोळवत होतो. वाटलं होतं, खचलेला, गप्प झालेला माणूस भेटेल. कामठीच्या चौकात पोचलो तर हा शिडीवर. केस पार पांढरे, हाताला कंप, आणि समोर भलंमोठं पोस्टर: तोच गणपती, तेच केळीचे खांब, तेच पडदे. 'सहकुटुंब, सहपरिवार वर पाहावे'च्या खाली नवी ओळ होती: 'मागच्या वेळी आलेल्यांनी पुन्हा यावे.'

"अरे सेक्रेटरी," तो वरूनच म्हणाला. "बरा आला. शिडी धर, हालून राहिली."

मी शिडी धरली. "चांदभाऊ, मला तुझ्याशी बोलायचं आहे."

"आधी उतरू दे गा त्याले. मंग बोल."

दिवसभर त्यानं मला राबवलं. पडदा बांधायला लावला, खुर्च्या मांडायला लावल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमच्या नागपूरचे सेक्रेटरी' म्हणून ओळख करून दिली. त्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडला नाही. संध्याकाळी चौक भरला. विणकर आले, छावणीतले जवान आले, बुरखेवाल्या बाया आणि नऊवारीतल्या म्हाताऱ्या एकाच बाकावर दाटीनं बसल्या. यान खाली खाली येऊ लागलं. सगळा चौक पडद्याकडे बघत होता, आणि चांदभाऊ पडद्याला पाठ करून आमच्याकडे.

तो त्याच हिवाळ्यात गेला. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यामुळे जे बोलायचं ते त्या संध्याकाळीच बोलायला हवं होतं, हे आता कळतं.

यान उतरलं. ताशे सुटले, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, कोणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी रडत होतो. यानासाठी किती आणि कशासाठी किती, ते मला वेगळं करता येत नव्हतं. गर्दीच्या त्या टोकाला चांदभाऊ एकेक तोंड बघत होता, आणि बघता बघता त्याची नजर माझ्यावर आली आणि थांबली. मी वाट काढत त्याच्यापाशी गेलो, त्याचा दंड धरला आणि वाक्य सुरू केलं.

"काय म्हणतं?" त्यानं कानामागे हात धरला. "ताशात काही आयकू येत नाही गा. जोरानं बोल."

मी जोरानं बोललो. म्हणालो, "उतरलं."